वरच्याची गळती, खालच्याचं छत
(सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवात संडासाच्या पाइपावर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण 25 वर्षांत आपल्याकडे जेवढे वाद झाले, त्यात पार्किंगच्या खालोखाल नंबर गळतीचाच. कारण सरळ आहे. गळती ज्याच्या घरची, त्याला ती दिसत नाही. आणि ज्याला दिसते, त्याला ती दुरुस्त करता येत नाही.

म्हणून आधी उगम शोधा. रात्रंदिवस सारखं गळत असेल, तर संशय नळाच्या लाइनीवर. फ्लश केल्यावरच गळत असेल, तर सांडपाण्याच्या पाइपावर. जिलबीत घालतात तो खायचा रंग कमोडमध्ये टाकून चार-पाचदा फ्लश करा. खालच्या छताला रंग उतरला की वाद मिटला. फरशीखाली भर जाड असेल तर रंग उतरायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा.

पुष्कळदा पाइप शाबूत असतो, जोड सुटलेला असतो. जुन्या कमोडचा जोड पांढऱ्या सिमेंटचा असतो. कमोड जरा हलला की त्याला तडा जातो, आणि वरचेवर ओतलेलं ॲसिडही सिमेंट खातं. तिथे रबरी पॅन कनेक्टर बसवून घ्या. तो थोडी हालचाल सोसतो. ओल्या जोडावर एम-सील थापून उपयोग नाही. जागा घासून कोरडी करावी लागते, आणि तरीही तो तात्पुरताच इलाज. फरशीखालचं काम मात्र जाणत्या प्लंबरकडेच द्या.

आता खर्च! आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक लाइनीची गळती सोसायटीकडे, आणि संडास-सिंकची आतली गळती संबंधित सदनिकाधारकाकडे. एवढं ठाऊक असलं तरी निम्मी पत्रापत्री वाचेल.

छतावरचा डाग हा नुसता रंगाचा प्रश्न नाही. पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजून फुगते आणि प्लास्टरचे ढलपे खाली पडतात. तो स्लॅब म्हणजे वरच्याची जमीन आणि खालच्याचं छत. जपायचा दोघांनी.

तेव्हा खालच्या काकू सांगायला आल्या, तर “आमच्याकडे काही गळत नाही” म्हणण्याआधी त्यांच्या घरी जाऊन छत बघून या. चहा मिळेल, आणि संबंधही टिकतील.