दुकानदाराचा शेजारधर्म

पेठेतील दुकानदारास गिऱ्हाइकाच्या कपाळावरील आठी तत्काळ दिसते. इंटरनेटवर दुकान थाटणाऱ्यास ती दिसत नाही. गिऱ्हाईक एक शब्द न बोलता निघून जाते आणि घरची पुंजी मालात अडकून पडते. अशा वेळी त्याच धंद्यातील दुसऱ्या दुकानदाराचा अभिप्राय मोलाचा ठरतो.

परंतु 'दुकान कसे वाटते?' असे विचारल्यास 'छान' एवढेच उत्तर मिळावयाचे. सरकारी कागदावरील 'पाहिले' या शेऱ्याइतकेच ते निरुपयोगी! त्याऐवजी विचारावे, 'पैठणीचा खरा रंग छायाचित्रावरून कळतो का? टपालखर्च आधीच दिसला, की पैसे भरताना?' सांगणाऱ्यानेही 'मांडणी वाईट' असे न म्हणता आपण नेमके कोठे अडखळलो ते सांगावे. दोष खाजगीत दाखवावा आणि जमल्यास उपायही सुचवावा.

गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन स्तुती लिहिणे हा मात्र अभिप्राय नव्हे. ग्राहक असल्याचे भासवून असे लिहिण्यास भारतात २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्यांना मनाई केली आहे.

श्रोतेहो, प्रामाणिक अभिप्रायाचे मोल पैशांत चुकविता येत नाही. दुसऱ्याचे दुकान तितक्याच आस्थेने पाहूनच ते फेडावयाचे असते.