फवारणीतला घाम दर वेळी उन्हाचाच नसतो



कपाशी पात्या-फुलांवर आली की पाठीवर पंप चढतात. दुपारी एखादा गडी घामाघूम होतो, मळमळतं म्हणतो. "ऊन लागलं असेल, सावलीत निजवा," म्हणून आपण मोकळे होतो. इथंच घात होतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून हे विष अंगात काय करतं, ते आज पाहू.

हात हलवायचा निरोप मज्जातंतू आणतो. पण त्याचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. टोकात ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. निरोप पोचला की टोकात कॅल्शियम शिरतं, काही पिशव्या उघडतात, रसायन फटीत सांडतं आणि स्नायू आखडतो. जणू दारं फोडून वाफ्यात पाणी सोडलं! निरोप थांबला की दारं बंद. सांडलेलं रसायन एक विकर, म्हणजे एन्झाइम, लगेच मोडून टाकतं. पाणी काढून देणारी चरच म्हणा ना ती.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधं नेमकी ही चर बुजवतात. कीड त्यानेच मरते, आणि माणसाच्या अंगातही तेच घडतं. वाफा तुंबतो. मग घाम, लाळ, डोळ्यांना पाणी, उलटी, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. स्नायू फडफडतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. शेवटी छाती भरून येते, श्वास अडतो.

ऊन लागलं तर तोंड बहुधा कोरडं पडतं. इथे लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात. ही खूण ध्यानात ठेवा. पण खूण पटेपर्यंत वाट पाहू नका. फवारणारा माणूस आजारी पडला की विषबाधाच समजा.

अशा वेळी हे करा:

1. माणसाला शेताबाहेर काढा. आपले हात झाकून त्याचे कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा.

2. कुशीवर निजवा. दूध, ताक, चिंचेचं पाणी देऊ नका, उलटी करवू नका.

3. 108 ला फोन करून दवाखान्यात न्या. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर घ्या. या गटाच्या विषावर डॉक्टर ॲट्रोपिन टोचतात. कोणतं औषध होतं हे कळलं तर वेळ वाचतो.

विष कातडीतूनही शिरतं. म्हणून अंगभर कपडे, रबरी हातमोजे, तोंडाला मास्क हवाच. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.

आणखी एक. बुजलेली चर पुरती मोकळी व्हायला कित्येक आठवडे लागतात. बरा झालेला गडी दुसऱ्याच आठवड्यात पंप मागेल, मजुरी बुडते म्हणेल. त्याला खुरपणी द्या, वेचणी द्या, पंप देऊ नका. बोंडअळी पुढच्या फवारणीतही मरेल, गेलेला माणूस परत येत नाही.