पायांचा दवाखाना : दिवा आणि कपाट

संतापलेल्या मनुष्याच्या तळपायाची आग मस्तकास गेली, असे आपण म्हणतो. ह्या वाक्प्रचारात शरीरशास्त्रातील एक मोठे सत्य सहजगत्या येऊन गेले आहे. तळपायास काटा बोचला किंवा निखारा लागला, की त्याची वर्दी तत्काळ मस्तकास पोहोचते आणि आपण पाय मागे घेतो. परंतु ज्याच्या पायातील संवेदना मधुमेहाने वा कुष्ठरोगाने नाहीशी झाली आहे, त्याच्या तळपायाची आग मस्तकापर्यंत जातच नाही. चपलेचा खिळा टाचेत रुतलेला असतानाही तो दिवसभर बाजारहाट करितो, आणि रात्री अंथरुणावर रक्ताचा डाग पाहिल्यावर त्यास आपल्या जखमेची पहिली बातमी लागते.

अशा पायांची निगा राखण्याकरिता जो दवाखाना थाटावयाचा, त्यात दिवे कोणते लावावेत आणि कपाटे कोणती घ्यावीत, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. हा तर सुताराचा आणि विजेच्या दुकानदाराचा प्रश्न, असे कोणास वाटेल. तथापि रोग्याचा पाय जेथे मुका झालेला असतो, तेथे पाहणाऱ्याच्या डोळ्यांनीच सारे ऐकावे लागते. आणि डोळ्यांचे काम दिव्यावाचून चालत नाही. तसेच एकाच्या जखमेतील विष दुसऱ्याच्या जखमेत जाऊ नये, हे पुष्कळ अंशी वस्तू कोठे व कशा ठेविल्या जातात ह्यावर अवलंबून असते. म्हणून दिवा आणि कपाट ही येथे शोभेची सामग्री नसून उपचाराचीच साधने होत.

ही दृष्टी आपणांस प्रथम कुष्ठसेवकांनी दिली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण ह्यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. १९४९ साली बाबा आमटे ह्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. दक्षिणेत वेल्लोर येथे १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी आपल्या निरीक्षणाने असे दाखवून दिले, की कुष्ठरोग्याची बोटे व तळवे आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे तो त्याच जागेवर पुनःपुन्हा भार टाकितो, भाजून घेतो, कापून घेतो, आणि त्यामुळे अवयव नष्ट होतो. पाय रोज पाहावा, धुवावा, त्यास तेल लावावे आणि मऊ रबराच्या तळाची पादत्राणे वापरावीत, हा साधा क्रम अनेकांचे पाय वाचविण्यास कारण झाला. पुढे १९६६ साली डॉ. ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले आणि हाच धडा मधुमेह्यांच्या पायांसही लागू पडतो असे दिसून आले.

मधुमेहाचा आपल्या देशातील विस्तार आता फार मोठा आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष आहे. दर १०० मधुमेह्यांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायास जखम होते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ज्यांचा पाय कापावा लागतो, त्यांपैकी बहुतेकांच्या दुःखाचा आरंभ अशाच एखाद्या क्षुल्लक जखमेने झालेला असतो.

आता आपण उदगीरकडे वळू. १७६० सालच्या मराठे व निजाम ह्यांच्या लढाईने इतिहासात गाजलेले हे गाव आज लातूर जिल्ह्यातील मोठी बाजारपेठ आहे. देवणी, जळकोट ह्या बाजूंची खेडुत मंडळी येथे औषधोपचारासाठी येतात. काळ्या रानात अनवाणी चालून टाचांना पडलेल्या भेगा, बाभळीच्या काट्याने झालेले कुरूप, भोवऱ्या, पावसाळ्यातील चिखल्या, नखुरडे, हे सारे त्यांच्या पायांवर असते. किल्ल्याचा तट कितीही भक्कम असो, बुरुजावरचा पहारेकरी झोपला म्हणजे तट निरुपयोगी होतो. वेदना ही पायाची पहारेकरीण आहे. ती निजली, तर तिच्या जागी दुसरा पहारा बसवावा लागतो. समजा, येथील एखाद्या डॉक्टरांनी रस्त्यावरची एक खोली घेऊन असा पहारा बसविण्याचे योजिले आहे. त्यांनी काय करावे?

प्रथम दिव्याचा विचार करू. आपल्याकडे खोलीच्या मध्यभागी छताला एक नळीचा दिवा लाविला, की प्रकाशयोजना संपली असे मानितात. पाय पाहण्यास हा दिवा अपुरा पडतो. डॉक्टर पायावर वाकले, की त्यांच्याच मस्तकाची सावली नेमकी जखमेवर पडते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच! ह्यास्तव छतावरील दिव्याशिवाय, हवा तसा वळविता येईल अशा लांब दांड्याचा एक स्वतंत्र दिवा अवश्य असावा. तो डॉक्टरांच्या बाजूने, किंचित तिरकस, पायाजवळ आणता यावा. तिरप्या प्रकाशात टाचेची भेग, घट्ट्याचा उंचवटा आणि दोन बोटांमधील ओल स्पष्ट उमटतात. समोरून पडलेल्या प्रकाशात तीच कातडी सपाट दिसते. लहानसा दिवा निम्म्या अंतरावर आणिला, तर त्याचा प्रकाश सुमारे चौपट होतो, हा नियमही ध्यानात ठेवावा. म्हणजे दिवा फार प्रखर घेण्यापेक्षा तो जवळ येणारा घेणे शहाणपणाचे.

प्रकाशाचे माप लक्स ह्या परिमाणात सांगतात. तपासणीच्या खोलीत सर्वसाधारण ५०० लक्स आणि प्रत्यक्ष पायावर १,००० लक्स प्रकाश असावा, असे युरोपातील प्रकाशयोजनेचे प्रमाण आहे. पण प्रकाशाच्या मापाइतकाच त्याचा रंग महत्त्वाचा. पिवळसर दिव्याखाली फिकट पडलेला पाय निरोगी भासतो. निळसर दिव्याखाली लाल झालेली कातडी काळवंडलेली दिसते. आपल्या सावळ्या वर्णावर सुजेची लाली मुळातच लवकर ओळखू येत नाही. दिवा जर रंगांशी अप्रामाणिक असेल, तर ती मुळीच ओळखता येणार नाही. दिव्याच्या वेष्टनावर रंगदर्शकतेचा आकडा छापलेला असतो. १०० हा त्याचा कमाल अंक. ९० पेक्षा कमी आकड्याचा दिवा ह्या कामास घेऊ नये. प्रकाशाचा वर्ण सुमारे ४,००० केल्व्हिन, म्हणजे फार पिवळाही नाही आणि फार निळाही नाही, असा असावा.

आणखी एक सावधगिरीची सूचना. जुन्या धर्तीचे हॅलोजनचे दिवे फार तापतात. ज्या रोग्यास उष्णता कळत नाही, त्याच्या पायाशी असा दिवा पाच-दहा मिनिटे राहिला, तर औषध देणारी खोलीच त्यास भाजून काढील, आणि तो तक्रारही करणार नाही. म्हणून एलईडीचा, कमी तापणारा दिवाच पसंत करावा. तो विजेच्या कमी खर्चात चालतो, सबब वीज गेली तरी इन्व्हर्टरवर बराच वेळ तेवतो. नख कापण्याचे काम अर्ध्यावर असताना अंधार होणे, हे रोग्याच्या दृष्टीने केवढे संकट आहे, ते सांगावयास नको. दिव्याचा दांडा व मूठ पुसता येण्याजोगी गुळगुळीत असावी; कारण दवाखान्यात सर्वांत अधिक वेळा हात लागतो तो त्या मुठीलाच.

दिवा असूनही डॉक्टर जमिनीवर उकिडवे बसणार असतील, तर तो व्यर्थ आहे. रोग्याची खुर्ची उंच व्हावी, पायास आधार मिळावा आणि तळवा डॉक्टरांच्या छातीच्या पातळीवर यावा. मग दिवा, डोळे आणि पाय ही तिन्ही एका रेषेत येतात.

आता कपाटाकडे येऊ. ह्याविषयी एकच तत्त्व आहे, आणि ते घरातील सुगरणीस शिकवावे लागत नाही. सोवळे आणि खरकटे एका ठिकाणी ठेवू नये. दवाखान्यात वस्तूंचे तीन मार्ग असतात : शुद्ध वस्तू कपाटातून रोग्याकडे येतात, वापरलेली हत्यारे धुण्याच्या जागेकडे जातात आणि टाकाऊ वस्तू टाकाऊंच्या डब्यांत जातात. हे तीन मार्ग एकमेकांस छेदणार नाहीत अशी मांडणी करावी. शुद्ध वस्तूंचे कपाट दाराच्या आणि हात धुण्याच्या तस्ताच्या लगत नसावे. तेथे धूळ आणि शिंतोडे दोन्ही येतात.

कपाट उघड्या फळ्यांचे की दारांचे? चैत्र-वैशाखात मराठवाड्यातील धूळ ज्याने पाहिली आहे, त्यास हा प्रश्न पडणार नाही. दारे असलेलेच घ्यावे. लाकूड दिसावयास सुंदर असते. परंतु ते ओल पिते, त्यास वाळवी लागते आणि त्याच्या भेगा औषधाने पुसता येत नाहीत. रंगाचा पक्का लेप दिलेले पोलादी कपाट ह्या कामास उत्तम. ते जमिनीपासून वीतभर उंच पायांवर उभे असावे, म्हणजे खालून फडके फिरते. माथा उतरता असावा. सपाट माथ्यावर महिनाभरात धुळीचे आणि जुन्या कागदांचे संस्थान वसते. पश्चिमेच्या भिंतीस कपाट लावू नये. उन्हाळ्यात ती भिंत सायंकाळपर्यंत तापते, आणि मलमे व औषधे बहुधा २५ ते ३० अंशांच्या खाली ठेवण्यास सांगितलेले असते.

खण उथळ असावेत. खोल खणात वस्तू एकमेकींखाली दडतात आणि मुदत संपलेली औषधे तळाशी राहतात. जी मुदत आधी संपावयाची ती वस्तू पुढे, नंतरची मागे, असा क्रम ठेवावा. नित्य लागणारी सामग्री कंबर व खांदा ह्यांच्या दरम्यान, जड वस्तू खालच्या खणात. खणांवर मराठीत ठळक अक्षरांनी नावे लिहावीत, म्हणजे मदतनीस बाईंना दर वेळी विचारावे लागणार नाही.

हत्यारांविषयी अधिक दक्षता हवी. नखे कापण्याचे चिमटे नुसते उकळून चालत नाही. उकळण्याने काही जंतूंची बीजे मरत नाहीत. त्यांना घडीत गुंडाळून वाफेच्या पात्रात १२१ अंश उष्णतेवर, १५ पौंड दाबाखाली, सुमारे ३० मिनिटे ठेवावे लागते. बाहेर काढलेली घडी पूर्ण सुकल्यावाचून कपाटात ठेवू नये. ओलसर घडी शुद्ध मानीत नाहीत. प्रत्येक घडीवर दिनांक घालावा. वापरलेली पाती व सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या कठीण डब्यात, आणि जखमेच्या घाणेरड्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत टाकाव्यात, असा २०१६ सालच्या जैववैद्यक कचऱ्याच्या नियमांचा दंडक आहे. हे डबे हाताशी असावेत, पण शुद्ध वस्तूंच्या कपाटाशेजारी नसावेत.

ह्या कपाटात एक लहानसा खण मी आवर्जून मागेन. त्यात नायलॉनचा एक बारीक तंतू ठेवावयाचा असतो. तो तळव्यास लावून दाबिला, की १० ग्रॅमच्या जोराने वाकतो. रोग्यास तो स्पर्श कळला नाही, तर पाय मुका झाला असे समजावे. सुमारे १० रोग्यांनंतर ह्या तंतूस दिवसभराची विश्रांती द्यावी लागते, अन्यथा तो खोटे बोलू लागतो. तो दुमडेल, तापेल किंवा हत्यारांखाली चेपेल असा ठेवू नये. रुपयांत पाहता क्षुल्लक असलेली ही वस्तू दवाखान्यातील सर्वांत मोलाची आहे. शेवटचा खण कुलपाचा असावा. त्यात रोग्यांच्या पायांची चित्रे व नोंदी राहतील. गेल्या खेपेची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय आज जखम वाढली की भरली, हे निश्चित सांगता येत नाही.

पैसा थोडा असेल तर खरेदीचा क्रम कोणता? माझ्या मते, आधी चांगला दिवा, मग बंद दारांचे एक कपाट, मग उंच होणारी खुर्ची. भिंतीवरील चित्रे, काचेची शोकेस आणि झुंबर ही सर्वांत शेवटी, किंबहुना कधीच न आली तरी चालेल. शोकेसमध्ये ठेवण्यास योग्य अशी एकच वस्तू आहे : मऊ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपलांचा नमुना. तो पाहून रोग्याने आपल्या पायातील जोड्याविषयी विचारावे, एवढे त्याचे काम.

श्रोतेहो, आपणांपैकी बहुतेकांना दवाखाना थाटावयाचा नाही. पण घरात मधुमेही आई, वडील किंवा आजी असतील. पूर्वी रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासून देण्याची रीत होती. तिच्या औषधी गुणाविषयी मी काही म्हणत नाही, आणि मुक्या पायास घासणे तर धोक्याचेच. परंतु त्या निमित्ताने घरातील कोणीतरी रोज तो पाय पाहत असे, हा त्या रीतीतला खरा लाभ होता. तेवढा लाभ आपण ठेवू शकतो. एक स्वच्छ पांढरा दिवा, एक हातआरसा, एक मऊ पंचा आणि त्यांच्यासाठी एक झाकणाचा डबा, एवढी सामग्री पुरे. रोज रात्री बोटांच्या बेचकांपासून टाचेपर्यंत पाय पाहावा. चिखल्या, फोड, नवा डाग, ऊन लागणारी जागा दिसली, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. चपलेत पाय घालण्यापूर्वी ती झटकून, आत हात फिरवून पाहावी.

जो पाय स्वतःचे दुःख सांगू शकत नाही, त्याच्याजवळ घटकाभर दिवा घेऊन बसणे, ही त्याची पहिली शुश्रूषा होय. दवाखान्याने हे महिन्यातून एकदा करावे, घराने रोज करावे. इतके झाले, तर कित्येक घरांतील वडील मंडळी आपल्याच पायांनी अंगणात येतील.