दूर्वा खुडता येतील अशी हिरवळ



गेल्या भाद्रपदात, हरतालिकेच्या दिवशी, सात वर्षांच्या नातीला घेऊन मी दूर्वा आणायला निघाले. आमचं गाव कर्जत तालुक्यात, पेज नदीच्या काठी. पूर्वी दूर्वा भाताच्या बांधावर मिळायच्या. आता आजूबाजूच्या बऱ्याच शेतांची फार्महाऊस झाली, म्हणून ओळखीच्या एका बंगल्याच्या लॉनवर जाऊन बसलो. पहिली जुडी बांधतेय तोच माळी धावत आला. "मावशी, तिथल्या नका खुडू. कालच औषध मारलंय."

नातीनं विचारलं, "आजी, गवत आजारी होतं का?"

तिला काय सांगणार? आपण विषाला औषध म्हणतो, आणि म्हणता म्हणता ते विष आहे हेच विसरतो. दुकानातल्या बाटलीवर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोणसुद्धा 'हे कमी विषारी आहे' एवढंच सांगतो, 'हे निर्धोक आहे' असं सांगत नाही. सुटी पुडी बांधून घेतली तर तोही त्रिकोण दिसत नाही.

मोठी माणसं लॉनवर खुर्ची टाकून बसतात. मुलं लोळतात, रांगतात, गवताची काडी दातात धरतात, मातीचा हात तोंडात घालतात. त्यांचा श्वास जमिनीच्या जवळचा, आणि वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा जास्त हवा त्यांच्या छातीत जाते. म्हणून पाव एकराच्या लॉनवर काय पडतं, हा मला केवळ बागकामाचा प्रश्न वाटत नाही.

नर्सरीतून आपण 'बर्म्युडा' म्हणून जे गवत आणतो, ती मुळात आपली हरळी. तिचेच कोवळे तुरे म्हणजे दूर्वा. हरळीची मुळी किती चिवट, हे भात लावणाऱ्याला विचारा. खणून काढा, उन्हात वाळवा, पहिल्या पावसात पुन्हा फुटते. असल्या गवताला जगायला विष का लागावं?

लागतं, कारण आपण तिला गालिच्यासारखी अंथरतो. बंगला बांधताना वरची सुपीक माती जाते, मुरमाचा भराव पडतो, त्यावर तीन-चार इंच लाल माती आणि तिच्यावर गवताच्या लाद्या. कर्जत-खालापुरात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पाणी तुंबतं, शेवाळ धरतं, मुळं वरच्यावर राहतात. त्यात कच्चं शेणखत टाकलं की हुमणीला आणि वाळवीला आयतं घर. वर यंत्रानं गवत पार बुडाशी कापायचं, म्हणजे उघड्या पडलेल्या मातीत तण उगवणारच. मग माळी म्हणतो, औषध मारू.

माळ्याला मी दोष देत नाही. त्याला शनिवारी येणाऱ्या मालकाला हिरवंगार लॉन दाखवायचं असतं. आणि तोंडावर साधा रुमाल बांधून फवारा त्यालाच मारावा लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले. ते पोटासाठी फवारत होते. इथे आपण शोभेसाठी फवारून घेतो. दाणेदार फोरेट या कीटकनाशकावर तर केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. शेडमध्ये जुनी पुडी असेल तर नदीत टाकू नका. कुलपात ठेवा आणि कृषी अधिकाऱ्यांना विचारा. इथली उल्हास नदी पुढे बदलापूरकडे जाते, आणि तिकडची माणसं तिचं पाणी पितात.

कॅनडात क्विबेक प्रांतात हडसन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जून अर्विन गावाच्या सभेत वर्षानुवर्षं हाच विषय मांडत राहिल्या. १९९१ मध्ये गावानं निव्वळ शोभेसाठी होणारी फवारणी बंद केली. फवारणी करणाऱ्या कंपन्या कोर्टात गेल्या. २८ जून २००१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. ग्रामसभा आपल्याकडेही भरते. हा विषय तिथे कुणीतरी काढावा, असं मला फार वाटतं.

आता माझ्या अंगणाचं सांगते. मुरूम फोडून घेतला, पाणी वाहून जाईल असा उतार दिला, वर आठ-नऊ इंच माती घातली. शेणखत पूर्ण कुजलेलं, मुठीत भुसभुशीत लागणारं आणि शेणाचा वास न येणारं. मृगाच्या तोंडावर शंभर चौरस फुटांना किलोभर निंबोळी पेंड. हरळीच्या मुळ्या चार-चार बोटांवर टोचून लावल्या, गणपतीपर्यंत जमीन झाकली. कापताना दोन इंच गवत ठेवते, एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त घेत नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, सकाळी, भरपूर पाणी. वैशाखात पिवळं पडलं तर पडू देते. गावात प्यायच्या पाण्याची ओढ असताना लॉनसाठी टँकर मागवणं मनाला पटत नाही.

गवत मात्र माजू देऊ नका. आपल्याकडे घोणस आहे, फुरसं आहे. मुलं खेळतात तिथे गवत घोट्याखालीच हवं, दगड-लाकडांचे ढीग लांब हवेत. गोखरू, लाजाळू, गाजरगवत पावसानं माती मऊ असताना खुरप्यानं मुळासकट काढा. गाजरगवताला हातमोजे घाला. लव्हाळ्याला चिकाटीच लागते. त्याच्या गाठी खोल असतात. आणि टाकळा? तो तर आमच्या ताटात येतो. आषाढात ठाकूर-कातकरी बाया कुंपणाकडेचा टाकळा खुडून बाजारात आणतात. त्यावर कुणी तणनाशक मारलंय का, हे पानाकडे बघून त्यांना कळत नाही, आपल्यालाही नाही.

राहिली हुमणी. तिची अळी मुळं खाते, पण तिला गाठायचं अळी होण्याआधीच. पहिला वळीव झाला की काळोख पडताना तिचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुलिंबावर, बोरीवर, बाभळीवर जमतात. झाडाखाली जुनी चादर पसरायची, फांदी गदागदा हलवायची, आणि पडतील ते साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. एकेक मादी मातीत डझनावारी अंडी घालते, म्हणून या चार-सहा संध्याकाळी चुकवायच्या नाहीत. एकट्या अंगणात करून भागत नाही, भुंगेरे कुंपण मानत नाहीत. यंदा आम्ही आळीतल्या सगळ्यांनी मिळून केलं. तो माळीही आपली बादली घेऊन आला होता. नात भुंगेरे मोजत होती. शहाऐंशीपर्यंत मोजले, मग चादरीवरच झोपी गेली.