चाकणचे संताजी जगनाडे

तळवड्यातून चाकण एमआयडीसीकडे रोज हजारो कामगार जातात. याच चाकणमध्ये सतराव्या शतकात एक तरुण तेलाचा घाणा चालवत होता. त्याचं नाव संताजी जगनाडे.

तुकोबांचं कीर्तन ऐकून संताजी त्यांच्या टाळकऱ्यांत सामील झाले. तुकोबा स्फुरेल तसं बोलत आणि संताजी ते उतरवून घेत. घाण्याच्या हिशोबाला लागणारी अक्षरओळख अशी अभंगांच्या कामी आली!

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या मानानं संताजींच्या हस्ताक्षरातल्या वह्यांची चर्चा फारच कमी होते. विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी या वह्यांच्या आधारे ‘तुकाराम महाराजांचा अस्सल गाथा’ छापला आणि अभ्यासकांना तुकोबांच्या काळाच्या अगदी जवळचा पाठ मिळाला.

संताजींनी स्वतःही अभंग रचले. घाणा, तेल, बैल हे रोजच्या कामातले शब्द त्यांत अध्यात्माचा अर्थ घेऊन येतात. कष्टकऱ्याच्या अवजारांना कवितेत मिळालेला हा मान फार मोलाचा आहे.

२००९ मध्ये टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. त्यांची समाधी मावळातल्या सुदुंबरे इथं आहे. देहूहून हे गाव फार लांब नाही, सुट्टीच्या दिवशी सहज जाऊन येता येतं.