माठ, शीड आणि आमची वहिनी



आमच्या घरात दिवाळीपासून एक वाद चालू आहे. भाची बारावीला आहे आणि तिला नौदलात जायचंय. तेही साध्यासुध्या जहाजावर नाही, शिडाच्या नौकेवर. वहिनी म्हणते, "आपल्या सात पिढ्यांत कुणी समुद्रात गेलं नाही. पैठणच्या नाथसागरापलीकडं आपल्याला पाणी माहीत नाही. तुला कुठून सुचलं हे?"

मी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं. पण गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला गेलो आणि माझी जीभ सुटली. क्रमांक 2च्या लेण्यात एक जहाज रंगवलंय. तीन डोलकाठ्या, त्यावर उंच शिडं, आणि जहाजावर ओळीनं रचलेले घट. समुद्र आपल्यापासून तीनशे किलोमीटरवर, आणि आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरात दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे जहाज काढून ठेवलंय!

गोष्ट एका घराचीच आहे. सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, व्यापारी कुटुंबातले हे भाऊ. धाकट्या पूर्णानं अनेक सफरी केल्या आणि मग तो भिक्षू झाला. थोरला भविल चंदन आणायला निघाला. समुद्रात सुख थोडं आणि धोके फार, हे पूर्णानं त्याला आधीच सांगितलेलं. वादळात सापडल्यावर भविलाला ते आठवलं, त्यानं भावाचा धावा केला आणि पूर्ण मदतीला आला. घरचं माणूस आधी नको म्हणतं आणि हाकेला धावतंही तेच. वहिनीला मी एवढंच सांगितलं. ती काही बोलली नाही.

माझं लक्ष मात्र त्या घटांवरच होतं. त्यांत काय होतं ते चित्रात लिहिलेलं नाही, पण मला ते पाण्याचेच वाटतात. आपल्याकडं नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं. टाकी, पिंपं, हंडे, शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवणाऱ्या बाईला दुसरं काय दिसणार?

आता आजच्या काळातल्या नौकेकडं येते. भारतीय नौदलाची 'तारिणी' ही 56 फुटांची शिडाची नौका, गोव्यात बांधलेली. 10 सप्टेंबर 2017ला सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून 21 मे 2018ला परत आल्या. 254 दिवस, सुमारे 21,600 सागरी मैल. कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. प्रतिभा जामवाल हिमाचलमधल्या कुल्लूच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या, विजया देवी मणिपूरच्या, ऐश्वर्या बोड्डपती हैदराबादच्या. यांतल्या एकीच्याही गावाला समुद्र नाही. फक्त स्वाती विशाखापट्टणमच्या. हे ऐकल्यावर वहिनीचा सात पिढ्यांचा मुद्दा जरा लंगडा पडला.

त्यांना घडवणाऱ्यांत आपले दिलीप दोंदे होते. शिडाच्या नौकेतून एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय, 2009-10 साली.

लोक वादळाबद्दल विचारतात. वादळ झालंच. जानेवारीत पॅसिफिकमध्ये ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा आणि दोन-तीन मजली घराएवढ्या लाटा. त्यातून निघून 19 जानेवारीला त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न ओलांडलं. पण वादळ दोन-चार दिवसांचं असतं हो. न्यूझीलंडहून फॉकलंड बेटांपर्यंतचा टप्पा जवळजवळ चाळीस दिवसांचा, आणि ते रोजचे चाळीस दिवस काढणं मला जास्त अवघड वाटतं. खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र असतं, पण ते बिघडलं तर? मग पावसाचं पाणी धरायचं. गोडं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, बाकी जमेल ते खाऱ्यात. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते, नौका कलंडली तरी पातेलं सरळ राहावं म्हणून. तरी एका हातानं काहीतरी घट्ट धरल्याशिवाय भाजी ढवळता येत नाही. हिरवी भाजी थोड्या दिवसांत संपते, मग डाळ, तांदूळ, डब्यातलं. आणि झोप तुकड्या-तुकड्यांची, कारण रात्रंदिवस पाळीनं कुणीतरी सुकाणूवर लागतंच.

त्यात माणसं सहा आणि जागा आपल्या दोन खोल्यांएवढी. रुसून माहेरी जायची सोय नाही, दार आपटून बाहेर पडायची सोय नाही. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बायकांना मी वेगळं काय सांगू?

मोडतोडही व्हायचीच. परतीच्या वाटेवर, गोवा टप्प्यात आलेलं असताना, सुकाणूची यंत्रणा बिघडली. त्यांनी ठरलेल्या वाटेचा हट्ट धरला नाही. एप्रिलमध्ये मॉरिशसला थांबल्या, दुरुस्ती केली, मग निघाल्या. मला हे केप हॉर्नपेक्षा मोठं वाटतं. घर इतकं जवळ आलं की कुणालाही वाटतं, चला, असंच रेटू.

पुढं 2 ऑक्टोबर 2024ला दिलना आणि रूपा या दोघीच त्याच तारिणीतून निघाल्या आणि 29 मे 2025ला गोव्यात परतल्या. दोघीच! म्हणजे एक झोपली की दुसरी एकटी.

हे सगळं वहिनीला टप्प्याटप्प्यानं सांगितलं. तिनं शेवटी विचारलं ते वेगळंच. "आठ महिने त्यांच्या आया काय करत असतील गं?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पोरीचा फोन लागला नाही तर आपण दहा मिनिटांत कासावीस होतो. तिथं पोर समुद्राच्या मधोमध. वहिनी भित्री आहे असं मी आजवर म्हणायचे, आता म्हणत नाही.

परवा आमच्याकडं पाण्याचा दिवस होता. पहाटे चारला नळ आला. भाची आणि वहिनी दोघी पाइप धरून उभ्या. वहिनी पिंपं मोजत म्हणाली, "पोहायला येतं का तुला?" भाची म्हणाली, "नाही." "मग आधी ते शीक. सोमवारपासून तलावावर जा. मी येते सोबत."