त्वचेची तटबंदी आणि तिचे मोजमाप



मी अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. तरीही आज त्वचेविषयी बोलणार आहे, कारण मूळ प्रश्न निर्देशकांचा आहे.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर कागदाहूनही पातळ असतो. शरीरातील पाणी आत राखणे व जंतूंना बाहेर थोपविणे, हे त्याचे कार्य. हा थर शाबूत आहे किंवा नाही, हे सुई न टोचता, कातडीचा तुकडा न काढता कळू शकते. स्वीडनमधील गर्ट निल्सन यांनी १९७७ मध्ये त्यासाठी एक पद्धत मांडली. दोन्ही टोकांना उघडी असलेली आखूड नळी त्वचेवर ठेवायची. नळीत दोन उंचींवर बाष्पाचे प्रमाण टिपले जाते आणि त्यातील फरकावरून, एका चौरस मीटर त्वचेतून तासाला किती ग्रॅम पाणी निसटते, हे काढता येते. निरोगी प्रौढाच्या हातावर हा आकडा साधारणतः दहाच्या आत असतो. फारच अपुऱ्या दिवसांच्या अर्भकात तो कित्येक पटींनी अधिक भरतो.

उत्तर भारतात व बांगलादेशात तान्ह्या बाळाला मोहरीच्या तेलाने मालिश करण्याची प्रथा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील प्रयोगात मात्र मोहरीच्या तेलाने हा थर सावरण्यास विलंब लागला, सूर्यफुलाच्या तेलाने तो लवकर सावरला. पुढे ढाक्यातील शिशु रुग्णालयात ३३ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकांना सूर्यफुलाचे तेल लावले असता रुग्णालयात जडणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. खर्च किती, तर थोड्याशा तेलाचा!

परंतु येथे घाई नको. ढाक्याचा निष्कर्ष वजनदार ठरतो, कारण तेथे मोजले गेले ते संसर्ग. निसटणारे पाणी हा केवळ मधला दुवा. ब्रिटनमध्ये इसबाची आनुवंशिक जोखीम असलेल्या सुमारे १,४०० बालकांना वर्षभर रोज मलम लावण्याचा प्रयोग झाला. त्वचेचा थर जपल्यास इसब टळेल, हा तर्क चोख होता. २०२० मध्ये निष्कर्ष आला : इसब टळले नाही.

शिवाय हे उपकरण मोठे नाजूक. खोली वीस-बावीस अंशांची हवी, वारा नको, घाम तर मुळीच नको. मे महिन्यात विदर्भातील एखाद्या साध्या वॉर्डात ते लावले, तर घामही त्वचेच्या दोषाच्या खाती जमा होईल. तेव्हा जिल्हा रुग्णालयाने अशा यंत्राची मागणी केली, तर मी आधी तेथील नवजात कक्षाची संसर्गाची नोंदवही मागवीन.